पलंगाखालचं टिंब

मोबाइलवरचं टिंब पलंगाखाली शिरलं आणि तो हातातलं काम सोडून बघत राहिला. टिंब म्हणजे आई. तिच्या मनगटावरच्या बँडवरून भिंतीवरचे सेन्सर ती घरात कुठे आहे ते दाखवायचे. आणि गुडघ्यांपायी आई गेली दहा वर्षं साधी जमिनीवर बसली नव्हती.

तो परक्या घरात शिडीवर चढून असलेच सेन्सर भिंतीला बसवत होता. खाली घरमालकीण मान वर करून उभी होती. "सासरे फार विसरभोळे झालेत हो. याने नक्की कळतं ना, माणूस कुठंय ते?"

"अगदी पावलापावलाला," तो म्हणाला.

टिंब पलंगाखालून निघालं, भिंतीला धडकलं, वळलं. त्याने घाईघाईने घरच्या रोबोचा कॅमेरा लावला. केर काढणारा तो थाळीएवढा रोबो कपाटासमोरून चालला होता. कपाटाच्या आरशात तो अख्खा दिसला. पाठीवरच्या उंचवट्याला आईचा बँड, नीट बकल लावून घातलेला.

सकाळी त्यानेच तिला समजावलं होतं, "हे घातलं की माणूस हरवत नाही, आई." तिने रोबोकडे बोट दाखवलं होतं. "मग या बिचाऱ्याला रे? दिवसभर एकटाच भटकतो." तो हसत हसत कामावर निघून आला होता. दाराच्या सेन्सरचा आवाजही त्यानेच बंद केला होता. ती दिवसातून चाळीसदा दार उघडायची, डोक्याला ताप नुसता. आता त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

त्याने रोबो दाराकडे पिटाळला. दार सताड उघडं होतं. "आई! अगं आई, ऐकतेस का?" तो शिडीवरून ओरडला आणि तिकडे रोबोतून त्याचा आवाज जिन्यात घुमला. कुणी ओ दिली नाही. त्याने रोबो बाहेर काढला, जिन्याच्या तोंडाशी नेला, आणखी पुढे रेटला. रोबो थबकला.

"पुढे पायऱ्या आहेत," रोबो गोड आवाजात म्हणाला. "पडायची भीती आहे. मी परत जातो."

"अरे थांब! खाली बघू दे मला! थांब ना रे!"

घरमालकीण शिडी घट्ट धरून त्याच्याकडे बघतच राहिली. रोबो वळला आणि शहाण्यासारखा दारातून आत आला. लगेच मोबाइल वाजला. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली.

"आई सुखरूप घरी परतल्या."