ओळखीचा टाका

"कोपऱ्याचा काढा, भाऊ. मधलं नको," बाई म्हणाली.

पुंजारामनं कॅमेरा खाली केला. दोन दिवस तो औरंगपुऱ्यातल्या त्या सभागृहात गोधड्यांचे फोटो काढत होता आणि आत्तापर्यंत प्रत्येकाला मधलंच हवं होतं. मोर, कमळ, नाहीतर लाल-पिवळ्या ठिगळांचा चौक. ही बाई मात्र सकाळपासून एक्केचाळीस नंबरच्या गोधडीसमोर उभी होती, नाक कापडाला लागेल इतक्या जवळ. नाव चतुराबाई, गाव खुलताबादच्या पलीकडचं.

गोधड्यांवर फक्त नंबराच्या चिठ्ठ्या होत्या. कुणी शिवल्या ते प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थेलाच माहीत आणि पुंजारामला, कारण महिन्याभरापूर्वी त्यानंच घरोघर जाऊन त्या बायकांचेही फोटो काढले होते. नावं-पत्ते कुणाला सांगायचे नाहीत, अशी संस्थेच्या कस्तुराबाईंनी पहिल्याच दिवशी तंबी दिली होती. का, ते विचारायची पुंजारामला गरज वाटली नाही. व्यापारी थेट बायकांच्या दारात जाऊन पडेल भावात माल उचलतात, हे त्याला ठाऊक होतं.

"ह्यो टाका माझ्या लेकीचा हाय," चतुराबाई म्हणाली.

तिनं बोटानं दाखवलं. कोपरा आला की सगळ्या बायका दोरा तोडतात आणि नव्यानं सुरुवात करतात. तिची लेक मात्र दोन टाके उलटे घालून तशीच वळते. सुई धरायला लागली तेव्हापासूनची ही खोड. बोटांवर मारून पाहिलं तरी गेली नाही. पोरगी घरातून गेली त्याला तीन वर्षं झाली. एका पोराबरोबर गेली, हेही चतुराबाईनं आवाज खाली न आणता सांगितलं. पोरगी सज्ञान आहे म्हणून पोलिसांनी हात झटकले. तेव्हापासून कुठंही गोधड्यांचं प्रदर्शन भरलं की चतुराबाई जाते आणि कोपरे बघते. पैठण झालं, जालना झालं. शिवल्याशिवाय लेक राहायची नाही, एवढं तिला माहीत होतं.

"घरी कुणाला घास गोड लागत नाय," ती म्हणाली. "तिच्या बापानं खाट धरलीय. एवढं एक झालं की सुटलो म्हणतो."

पुंजाराम काही भोळा नव्हता. वीस वर्षं लग्नांचे फोटो काढणारा माणूस भोळा राहत नाही. पण त्याची बहीण सखू बारा वर्षांपूर्वी अशीच निघून गेली होती. त्याच्या आईनं मरेपर्यंत तिचा विषय काढू दिला नाही, आणि यानंही काढला नाही. त्याची त्याला फार लाज वाटे. आणि इथं एक बाई गावोगावच्या एस.टी. बदलत, टाक्यावरून लेक शोधत हिंडत होती. त्याला मेलेल्या आईचा राग आला.

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. कस्तुराबाई दाराशी पाहुण्यांच्या गराड्यात होत्या. त्यानं कॅमेऱ्यात एक्केचाळीस नंबर शिवणारीचा फोटो शोधला आणि पडदा चतुराबाईकडं फिरवला. उंबऱ्यावर बसलेली तरणी बाई, मांडीवर पसरलेली गोधडी आणि तिचा काठ ओढणारं लेकरू. त्या दिवशी ती फोटोला बसायलाच तयार नव्हती. चेहरा नको, म्हणत होती. लाजते आहे असं समजून पुंजारामनंच गोडीगुलाबीनं तिला बसवलं होतं.

चतुराबाई बराच वेळ बघत राहिली. डोळ्यांत पाणी आलं नाही. तीन वर्षांत आटलं असेल, असं पुंजारामला वाटलं.

"वाळलीय," ती म्हणाली. मग विचारलं, "लेकरू तिचंच का?"

"तिचंच. पोरगा हाय, वर्षाचा असंल."

नवरा घरी कधी असतो, हेही तिनं विचारलं. पुंजारामला ते फार आवडलं. जावयालाही भेटायची म्हणते म्हणजे हिनं खरोखर सगळं पोटात घातलं. त्यानं उत्साहानं सांगून टाकलं की नवरा कंपनीत आहे, पाळ्या असतात, पण रविवारी दोघं घरीच असतात. चांगला पोरगा आहे, आपल्याला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही, हेही सांगितलं.

वहीचं पान फाडून त्यानं पत्ता लिहिला. चितेगाव, कंपनीच्या भिंतीमागं पत्र्याच्या खोल्या, त्यातली तिसरी. तिला वाचता येत नव्हतं म्हणून दोनदा वाचूनही दाखवला.

"मावशी, गेल्यावर रागावू नका तिला," तो म्हणाला.

"राग कशाचा आता? त्यो कवाच सरला."

तिनं त्याच्या गालांवरून हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. आज सखूला फोन करायचाच, असं त्यानं ठरवलं आणि बेचाळीस नंबरकडं वळला. बऱ्याच दिवसांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.

चतुराबाई पायऱ्या उतरून रस्ता ओलांडून गेली. लिंबाखाली जीप उभी होती, आत तिचे दोघे मुलगे सकाळपासून बसलेले होते. थोरल्यानं चिठ्ठी वाचली, घडी घालून खिशात टाकली आणि आज वार कोणता ते धाकट्याला विचारलं. शनिवार होता. धाकट्यानं आईला बसायला जागा केली, पण ती चढली नाही. दरवाजा धरून उभी राहिली.

"घरात वर्षाचं लेकरू हाय," ती म्हणाली. "तेवढं जित्तं ठेवा."