मागचे ब्रेक कोणी खाल्ले?

मागच्या चाकातला ब्रेकचा ड्रम काही निघेना. उदयसिंहरावांनी हातोडीने कडेकडेने टोले दिले, तेव्हा कुठे तो सुटला आणि आतली काळी भुकटी भसकन त्यांच्या पायजम्यावर सांडली.

"आता हे कोणी खाल्लं?" ते पुटपुटले.

आत चंद्रकोरीसारखे दोन ब्रेक शू होते. त्यांच्यावरचा जाड थर घासून पार कागद झाला होता. गाडी तीन वर्षांची, धाव जेमतेम चौदा हजार किलोमीटर. पुढचे ब्रेक ठणठणीत, मागचेच तेवढे संपलेले.

रविवारची सकाळ होती. नागरवाड्यातल्या गल्लीत, घराच्या ओट्यासमोरच त्यांनी गाडी उचलून घेतली होती. जॅक त्यांच्या कैलासवासी वडिलांच्या, दत्ताजीरावांच्या अँबॅसडरचा. ती गाडी विकून सोळा वर्षं झाली, जॅक मात्र टिकला होता. ओट्यावर त्यांची आई, मथुराबाई, मेथी निवडत बसली होती.

हे काम गॅरेजवाल्याने तासाभरात केलं असतं. पण उदयसिंहराव पडले कोयलीच्या रिफायनरीत पंप दुरुस्त करणारे. वस्तू बिघडल्याचं त्यांना फारसं वाटत नसे. का बिघडली ते कळलं नाही, तर मात्र घास उतरत नसे.

"मागचेच का?" असं म्हणता म्हणता ते थांबले. "हँडब्रेक. तो मागच्याच चाकांना लागतो. कोणीतरी हँडब्रेक न सोडताच गाडी चालवतंय."

"कोण चालवणार?" मथुराबाई म्हणाल्या. "तू तर रोज कंपनीच्या बसने जातोस."

"तेच तर."

गाडीची चावी देवघराशेजारच्या खुंटीला असायची, कोणीही घ्यावी. पण बायको स्नेहलता हिला गाडीत नुसतं बसलं तरी मळमळायचं. उरली मुलगी, मिताली. तिला गेल्याच महिन्यात लायसन्स मिळालं होतं. उद्या मकरपुऱ्याला तिच्या पहिल्या नोकरीचा पहिला दिवस, आणि त्यासाठी गाडी द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं.

त्यांनी पुढचं दार उघडलं. सीट पार पुढे सरकलेली, आरसा खाली झुकलेला.

"मिता, बाहेर ये जरा."

मिताली आली. उंचीला ती आजीवर गेली होती; गाडीपलीकडे उभी राहिली तर नुसता भांग दिसायचा.

"माझ्या मागे गाडी कुठे नेतेस?"

"कुठेच नाही. सोगंद, बाबा. चावीला हातसुद्धा लावला नाही."

"मग सीट काय आपली आपण पुढे आली?"

मितालीचे डोळे भरून आले.

"आई, ही दुपारची घरी असते ना?"

"मला काय ठाऊक? मीच असते कुठे! मंगळवारी न् शुक्रवारी माझं खंडेराव मार्केट असतं."

"एवढ्या उन्हात कशाला जातेस?"

"भाजी ताजी मिळते," मथुराबाई म्हणाल्या आणि काड्या वेगळ्या करू लागल्या.

उदयसिंहरावांनी नवे शू बसवले, स्प्रिंगा ताणून अडकवल्या, मग दुसऱ्या चाकाकडे वळले. मिताली नट सोडायचे पाने त्यांच्या हातात देत राहिली. मुलीवर एवढं रागवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, पण खोटं त्यांना खपत नसे.

"गाडी नेलीस म्हणून नाही चिडलो मी," चाकं बसवून झाल्यावर ते म्हणाले. "नाही म्हणतेस, त्याचं वाईट वाटतं. उद्या बसने जा. खरं सांगशील त्या दिवशी चावी मिळेल."

त्यांनी चावी खिशात घातली.

"खरंच सांगतेय, बाबा," मिताली म्हणाली आणि डोळे पुसत आत निघून गेली.

मथुराबाईंनी मेथीचं ताट बाजूला सारलं. गुडघ्यावर हात ठेवून त्या ओट्यावरून उतरल्या, गाडीपाशी आल्या आणि उघड्या दारातून आत वाकल्या.

"उदय, तो हँडब्रेक म्हणजे कुठला रे?"

त्यांनी वैतागून दोन सीटांमधल्या दांड्याकडे बोट दाखवलं.

"हा? मधे?" मथुराबाईंनी दांड्यावर हात ठेवून पाहिला. मग त्यांनी मुलापुढे हात पसरला. "आण ती चावी, पोरीला देते. तुझ्या वडिलांनी मला चालवायला शिकवलं त्या अँबॅसडरमध्ये तो उजवीकडे, दाराशी असायचा."