बावन्न बस्त्यांची यादी

मोडी कागदांचे बावन्न बस्ते. रोज चुकणारी, घराकडची दारासुरम्‌ची सव्वापाचची बस. दोनदा वाढलेला चष्म्याचा नंबर. एक पिवळं फडकं.

एवढ्यातून सहा वर्षांनी यादी तयार झाली: कोणत्या कागदात काय आहे, कोणी कोणाला लिहिलं आहे. ती करणारी वत्सला कुंभकोणमच्या विद्यापीठ-ग्रंथालयात सहायक होती. वार्षिक अहवालात तिच्या नावापुढे छापून आलं, ‘जुने कागद झटकले.’

“संशोधन प्राध्यापकांचं काम, अम्मा,” संचालक रविशंकर म्हणाले. “तुमच्या रकान्यात बसलं ते लिहिलं.”

सोमवारी तपासणी समिती आली. कॉफी झाल्यावर संचालकांनी ऐटीत हाक मारली, “वत्सलाम्मा, आपली ती मोडीची यादी दाखवा पाहू!”

वत्सलानं टेबलावर पिवळं फडकं ठेवलं.

“हे काय?”

“माझं काम, सर. अहवालात आहे तेवढंच. एका तरी बस्त्यावर धूळ सापडली तर सांगा.”

समितीतल्या बाईंनी अहवालाचं पान काढलं. रविशंकर वत्सलाच्या कानाशी वाकले. “अम्मा, अब्रू राखा. यादी द्या, पुढच्या वर्षी नाव घालतो.”

“यंदाचंच पान दुरुस्त करा. इथं, सगळ्यांदेखत.” तिनं आपलं पेन पुढं धरलं.

रविशंकरांनी पेन घेतलं.

ती अख्खी यादी छापलेली संशोधन-पत्रिका, वत्सलाच्या एकटीच्या नावासह, महिनाभरापूर्वीच त्याच ग्रंथालयाच्या मांडणीवर आली होती.