भुवईवरची खाच

मास्तर शिडीवर चढून दगडी सैनिकाची डावी भुवई मोजत होते आणि नगरपालिकेचा इंजिनिअर खाली शिडी धरून जांभया देत होता.

"काय म्हणते भुवई?"

"खाच अंगठ्याच्या नखाएवढी आहे," मास्तर वरून म्हणाले. "मुद्दाम कोरलेली."

"अहो, ऊन-पावसानं टवका उडालाय. दगड म्हटला की चालायचंच."

"ऊन-पावसाला बरोबर भुवईच सापडली? एवढं नाक पुढे आलंय, ते दिसलं नाही?"

इंजिनिअर हसला. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त रस्ता रुंद करायचा होता, आणि रस्त्याच्या मधोमध हा शिपाई ऐन पंचविशीत बंदूक टेकवून उभा होता. नगरपालिकेच्या समितीने तोडगा काढला होता. पुतळा कल्पनेतला असेल तर गोदामात जाईल, खऱ्या हुतात्म्याचा असेल तर जागचा हलणार नाही. पुरावा मास्तरांनी आणायचा, तोही महिनाअखेरच्या आत.

मास्तरांच्या मते पुतळा खऱ्या माणसाचा होता. तो त्यांच्या वडिलांचा होता.

मास्तर पोटात असताना वडील लढाईवर गेले. परत आली ती धारातीर्थी पडल्याची तार. देह सापडला नाही, घरात फोटोही नव्हता. पुतळा उभा राहिल्यावर आईने मुलाला बोटाला धरून चौकात आणलं आणि सांगितलं, "हे तुझे बाबा. लहानपणी झाडावरून पडले, तेव्हापासून भुवई अशी."

तेव्हापासून शाळेचा निकाल, नोकरी, लग्न, सगळं मास्तरांनी आधी इथे येऊन सांगितलं. पुढे आई गेली, बायको गेली, मुलगी परदेशी गेली. तरी संध्याकाळी बोलायला घरचं माणूस होतं. वडील पंचविशीतले आणि मुलगा सत्तरी ओलांडलेला, म्हणजे नातं जरा अवघडच. पण वडील मध्येच बोलत नसत, त्यामुळे निभावलं.

"आज कुणाशी बोललात, बाबा?" मुलगी फोनवर विचारायची.

"तुझ्या आजोबांशी."

मग मुलगी हवापाण्याचं काहीतरी विचारायची.

मुदत मिळाल्यापासून मास्तरांनी स्मारकाची पाळंमुळं खणून काढली होती. चौथऱ्याचा दगड कुठल्या खाणीतला, पुतळा किती तुकड्यांत घडला, घडवताना त्याची टाच कुणी बिघडवली, सगळं त्यांना तोंडपाठ झालं होतं. लढाई संपल्यावर तीन वर्षांनी नगरपालिकेला हुतात्म्यांची आठवण झाली होती. त्याआधी गटारांची घाई होती. आठवण होताच शिल्पकाराला काम मिळालं आणि वर्षभरात पुतळा उभा राहिला. चेहरा कुणाचा, हे मात्र कुणीच सांगेना.

मास्तरांचा तर्क सरळ होता. घरातला एकुलता एक फोटो आईने शिल्पकाराला दिला असणार. म्हणून तर घरात फोटो नव्हता!

शिल्पकार कधीच वारला होता. त्याची म्हातारी मुलगी अजून त्याच कारखान्यात बसून कापडदुकानांसाठी पुतळे करायची. मास्तर दारात आले तेव्हा ती एका बिनडोक्याच्या बाईला खांदे चिकटवत होती.

"या, बसा. त्या साहेबांना जरा सरकवा," ती म्हणाली. मास्तरांनी खुर्चीतल्या साहेबांना उचलून भिंतीशी उभं केलं.

"चौकातल्या सैनिकाचं काही शिल्लक आहे का, बाई? एखादा नमुना, फोटो?"

"आमच्या बाबांनी काही टाकलं असतं तर मला चालायला जागा नसती का मिळाली?"

ती आत गेली. बराच वेळ आदळआपट ऐकू आली. मग पदराने पुसत तिने एक जड पांढरा साचा आणून मास्तरांच्या मांडीवर ठेवला.

"हा त्याचाच. काम मिळालं त्याच महिन्यात केलाय. मी लहान होते, बादली धरायला होते."

साच्याच्या आत एक पोकळ चेहरा होता. साच्यात सगळं उलटं असतं, म्हणून भुवईत खाच नव्हती. अंगठ्याच्या नखाएवढा उंचवटा होता. मास्तरांनी त्यावरून बोट फिरवलं. मग गालावरून. मग चष्मा काढून ठेवला.

"पाणी देऊ?" बाईंनी विचारलं.

"नको. हे माझे वडील आहेत."

"अगं बाई! मग आधी नाही का सांगायचं? नाक तर तुमचंच आहे की."

मास्तर हसले. किती दिवसांनी हसले कुणास ठाऊक. "आता कोण हलवतो बघू! इंजिनिअर म्हणतो, टवका उडालाय. येऊन बघ म्हणावं टवका!"

"न्या की, दाखवा त्याला."

"तुमच्या वडिलांचा हात मात्र मानला पाहिजे. नुसत्या फोटोवरून इतकं हुबेहूब!"

"कसला फोटो?"

"आमच्या आईने दिलेला. असेल ना इथेच कुठेतरी?"

"फोटोबिटो काही नव्हता हो," बाई म्हणाल्या आणि पुन्हा खांद्यांकडे वळल्या.

मास्तरांनी साचा उजेडात धरला. नाकाच्या जागी दोन बारीक भोकं आरपार गेली होती. त्यांतून खिडकीतला उजेड त्यांच्या सदऱ्यावर पडला.

"ही भोकं कसली?"

"नळ्यांची. तोंडावर ओलं प्लास्टर थापलं की ते घट्ट होईपर्यंत तसंच पडून राहावं लागतं," बाई काम करता करता म्हणाल्या. "तेवढा वेळ माणसाने श्वास कुठून घ्यायचा?"