मेलेल्या नागाचा चावा

कुंदानं कोयता हाणला. नागाचं डोकं गोठ्याच्या दारात पडलं आणि धड मागे वळवळत राहिलं.

"डोक्याला हात लावू नका, आबा!" ती सासऱ्यांवर ओरडली.

"मारलेल्या नागाच्या तोंडात तांब्याचा पैसा घालून जाळतात, पोरी. नाहीतर तो डूख धरतो."

"ते डोकं अजून चावेल."

"मेलेलं? शाळेत सांग असलं." हसत त्यांनी पैसा त्या तोंडात सरकवला आणि

(सापाचं तुटलेलं डोकं तासभरसुद्धा चावू शकतं. नववीला विज्ञान शिकवणाऱ्या कुंदाला हे पाठ होतं.)

जबडा त्यांच्या अंगठ्यावर मिटला. ओढूनही सुटेना. कुंदानं कोयत्याचं टोक घालून तो उचकटला, तेव्हा अंगठ्याचं मांसही सोबत आलं.

नवऱ्यानं जीप दवाखान्याकडे पिटाळली. अर्ध्या वाटेत आबांच्या पापण्या मिटायला लागल्या. कुंदानं त्यांच्या थोबाडीत मारली. त्यांनी डोळे उघडले, पुन्हा मिटले. तिनं पुन्हा मारली. ओठ फुटला. तिनं तिसरी मारली.

"अगं, बाप आहे तो माझा!" नवरा आरशात बघून किंचाळला.

"म्हणूनच मारतेय. तू पुढे बघ."

आबांसमोर ती कधी खुर्चीवरही बसली नव्हती. दवाखान्याचं फाटक दिसलं, तोवर तिचा तळहात सुजला होता. आता तो उचलवेचना.

आबांची जीभ जड झाली होती. तरी ते पुटपुटले, "मार, पोरी. थांबू नको."