शाईतला हात

म्युनिकच्या संग्रहालयात ईराने हात सोडवून घेतला आणि ती एका काचेपुढे थबकली. आत जुनाट चिनी कागद होता, त्यावर काळ्या शाईत उमटवलेला इवलासा पंजा. “आई, आमच्या किंडरगार्टनमधल्यासारखाच! कुणी मदर्स डेला आईसाठी केलाय?” देवश्रीने खालची पाटी वाचली. एका पोरीला दासी म्हणून विकल्याचं ते खत होतं. पंजा त्या चार वर्षांच्या मुलीचा, शेजारचा अंगठा विकणाऱ्या आईचा. “सांग ना, आईसाठी?” “आईनेच उमटवून घेतलाय गं,” देवश्री कशीबशी म्हणाली. तेवढ्यात ईराने आपला तळवा काचेवर टेकवला. बोटाला बोट जुळलं. “गेनाऊ! अगदी तेवढाच!” ती हरखली. देवश्रीने तिला झटकन कडेवर घेतलं. काचेवर उरलेला घामट ठसा तिने बाहीने घासून पुसला. लेकीचा हात पुसला गेला. आतला तसाच राहिला, कुणीतरी धरावा म्हणून.