पेला : चार इंच

"सही करा, काटेसाहेब. नियम तुमचाच आहे," ड्रॉइंगचे मास्तर म्हणाले आणि त्यांनी पेन उघड्या वहीवर आडवं ठेवलं.

काटेसाहेबांनी पेनाकडे नुसतं पाहिलं. त्यांची सगळी नोकरी ट्रकच्या वजनकाट्यावर गेलेली. भरलेला ट्रक किती, रिकामा किती, हे त्यांना टायरकडे बघून कळे. तीच सवय घेऊन बावीस वर्षं दर रविवारी ते झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत येऊन बसत, आणि मास्तर, झेरॉक्सवाला आणि ते असे तिघं मिळून चित्रकथांतल्या वीरांची ताकद मोजत आणि वहीत त्यांचे क्रम लावत. फुग्यात काय लिहिलंय ते धरायचं नाही, कारण बोलायला कोणाचं काय जातं. फक्त चित्र धरायचं. चित्रात ओळखीच्या मापाची एखादी वस्तू शोधायची, वीट म्हणा, दार म्हणा, आणि तिच्यावरून पट्टीने बाकीचं काढायचं. सगळ्यात कडक नियम काटेसाहेबांचा होता: वीर जिथे घामाघूम दिसेल, तिथलं वजन ही त्याची हद्द. त्यापुढचं सगळं शेखी.

वहीच्या पहिल्या ओळीत बावीस वर्षं एकच नाव होतं, डोंगऱ्या. काटेसाहेबांनी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. अजूनही त्याचं नाव निघालं की ते खुर्चीत ताठ बसत. आपण असं करतो हे त्यांना माहीत नव्हतं. बाकी दोघांना होतं.

आणि आज मास्तरांना रद्दीत अंक बत्तीस सापडला होता. झेरॉक्सवाल्याने त्यातली एक चौकट मोठी करून, आठ कागद जोडून भिंतीवर लावली होती. नदीला पूर आलाय. डोंगऱ्या एका खोलीचं घर दोन्ही हातांवर पेलून टेकडी चढतोय. गुडघे वाकलेले, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, कपाळावर घामाचे अकरा थेंब. थेंबही मास्तरांनी मोजले होते. घराच्या उघड्या खिडकीतून खाट दिसते, खाटेवर झोपलेली म्हातारी, उशाशी स्टूल, स्टुलावर पेला.

"पेला चार इंच धरला," मास्तर म्हणाले. "पेल्यावरून खिडकी, खिडकीवरून भिंत. घर भरतं अठरा टन. अठरा टनाला हा एवढा घाम? म्हणजे मागे जहाज फेकलं होतं ते शेखीत गेलं. डोंगऱ्या सतरावा."

"सतरावा म्हणजे त्या पंखवाल्या पोराच्याही खाली," झेरॉक्सवाला हळहळला.

काटेसाहेबांनी स्वतः तीनदा पट्टी लावली होती. तिन्ही वेळा अठरा टन.

"चित्रकार दमला असेल त्या दिवशी," ते म्हणाले.

"चित्रकाराची तब्येत आपण धरत नाही. हाही तुमचाच नियम."

काटेसाहेबांनी पेन उचललं. तेवढ्यात दारात त्यांची लेक आली. ती इस्पितळात नर्स होती.

"बाबा, चला. आईची कूस बदलायची वेळ झाली. शेजारच्या मावशी किती वेळ बसतील?"

तिची आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. "बारा मिनिटं," काटेसाहेब नेहमीप्रमाणे मित्रांना म्हणाले. "शिकलेली नर्स, पण बेचाळीस किलोच्या बाईची कूस बदलायला हिला बारा मिनिटं लागतात, घड्याळ लावून पाहिलंय. वर घाम पुसत बाहेर येते. मी दोन हिसक्यांत करतो. ती जागी होते, पण काम होतं."

लेकीने या चेष्टेला कधीच उत्तर दिलं नव्हतं. ती भिंतीवरच्या चौकटीकडे बघत होती.

"याला कशाला खाली आणताय?"

मास्तरांनी तिला अठरा टन आणि अकरा थेंब समजावून सांगितले.

"पण हा पेला भरलेला आहे, मास्तरकाका."

"भरलेला असो नाहीतर रिकामा. उंची चारच इंच."

"काठोकाठ भरलाय," ती म्हणाली. "आणि हा चढ चढतोय."

मास्तरांनी भिंग काढलं. पेल्याच्या तोंडाशी पाण्याची रेघ होती, पट्टीने ओढावी तशी सरळ. स्टुलावर एक थेंब नव्हता. भिंग खिडकीवर सरकलं. पडदा जागच्या जागी लोंबत होता. टेकडी उभी चढलेली, पण घराचा तळ जराही कललेला नव्हता.

"आणि आजी झोपलीय," लेक म्हणाली. "झोपलेल्या माणसाला जाग न आणता हलवून बघा एकदा. फेकायचं काय, जहाजसुद्धा फेकता येतं."

पेल्याला तिघांनी तीन-तीनदा पट्टी लावली होती. पाणी एकालाही दिसलं नव्हतं. झेरॉक्सवाल्याने तोंडावर हात ठेवला. मास्तरांनी काटेसाहेबांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि आपल्या खिशाला लावलं.

"हे मोजायचं कशात?" त्यांनी हळूच विचारलं.

काटेसाहेबांनी वही चाळली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आणि मिटली.

घरी पोचल्यावर मावशी उठून गेल्या. नेहमी या वेळी काटेसाहेब पेपर घेऊन बाहेरच्या खोलीत बसायचे. आज त्यांनी खुर्ची बायकोच्या खोलीच्या दारात ओढली आणि मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं. लेकीने एक हात आईच्या खांद्याखाली सरकवला, एक कमरेखाली. मग ती थांबली. आईचा श्वास येईल-जाईल तशी बोटभर सरकवायची, पुन्हा थांबायची. तिच्या मानेवरची शीर फुगली. आईचं तोंड अर्धवट उघडं होतं आणि ती संथ घोरत होती.

घोरण्यात कुठेही खंड पडला नाही. लेक घाम पुसत वळली, तेव्हा काटेसाहेब खुर्चीत ताठ बसलेले होते.